तळोज्याला कोणी जायचं

सोमवार, १३ जानेवारी १९८६

वाइंडिंग विभाग आजपासून माझ्याकडे. आठ बायका, आठ हातयंत्रं, टेस्टिंगचं एक टेबल, एक फळा. फळा मी मागून घेतला. स्टोअरवाल्याने विचारलं, शाळा काढताय का.

मरोळच्या या कारखान्यात मला दीड वर्ष झालं. टीव्हीत बसणारे छोटे ट्रान्सफॉर्मर आम्ही बनवतो. केसासारखी तांब्याची तार बॉबिनवर गुंडाळायची, थराथरांत कागद घालायचा, तार तुटू द्यायची नाही. आतापर्यंत मी ड्रॉइंगच्या बाजूला होते. तिथे फार बोलावं लागत नाही.

संध्याकाळी रेगेसाहेबांनी बोलावलं. ते प्रॉडक्शन मॅनेजर. तळोज्याला कंपनीची नवी शेड मार्चमध्ये सुरू होते आहे. तिथल्या मुलींना काम शिकवायला इथली एक बाई कायमची पाठवायची आणि इथली तिची जागा भरायची नाही, असं ठरलंय. कोण जाणार ते विभागानेच ठरवावं, वरून नाव लादलं की कटकटी होतात, असं ते म्हणाले. जिचं नाव ठरेल तिला तिकडे जाणं जमलं नाही तर, असं मी विचारलं.

"तर ती स्वतःच राजीनामा देईल. आपण कोणाला काढत नाही आहोत."

मग तळोज्याला शिकवणार कोण? म्हणाले, ते मग बघू.

योजनेत एवढी एक जागा कच्ची आहे. बाकी सरळ आहे.

घाटकोपरला पोचले तेव्हा दादा जेवून झोपला होता, वहिनी माझ्यासाठी थांबली होती. थांबू नकोस म्हणून मी तिला अनेकदा सांगितलंय. ती माझ्या यायच्या वेळा लक्षात ठेवते. दुसऱ्याच्या घरात राहायचं म्हणजे हे आलंच.

अंधेरीच्या नोकरदार महिलांच्या वसतिगृहात १ मार्चपासून मला खाट मिळते आहे. वर्षभर वाट पाहिली. खोलीत दुसरी एक अनोळखी मुलगी असेल. ते मला सोपं वाटतं, अनोळखी माणसाचे उपकार नसतात. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

पहिली सभा. फळ्यावर चार मुद्दे लिहिले: माहिती, निकष, नावं, निर्णय. प्रत्येकीने आपल्या पाळीला बोलायचं, मधे कोणी तोंड घालायचं नाही, विषय सोडायचा नाही. पुस्तकात अशी सभा चोख चालते.

चोख चाललीही. सुरुवात मालनबाईंपासून केली. त्या सगळ्यांत जुन्या, कणकवलीकडच्या, नवरा गिरणीत होता. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगाल तसं. पुढची म्हणाली, तुम्ही सांगाल तसं. असं सात वेळा झालं. आठवी शकु. ती म्हणाली, "मला वाटतं मॅडम, मागच्या सात जणींचा मुद्दा बरोबर आहे." तेवढंच एकदा हसणं झालं.

निकषांत मी 'घरापासून अंतर' धरलं होतं. शकुने विचारलं, आमच्यात घाटकोपर-मुलुंडची कोणीच नाही ना? तळोजा तिकडून जवळ पडेल. मी यादी बघून सांगितलं, नाही. तिने मालनबाईंकडे पाहिलं. का ते कळलं नाही.

सभा वेळेआधी संपली. निर्णय काहीच नाही.

बुधवार, २२ जानेवारी

तीन दिवस पवईला प्रशिक्षण. कंपनीने पाठवलं. शिकवणाऱ्याचं नाव धुरंधर. सोमवारी सकाळी खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. धुरंधर येऊन त्यांतल्याच एका खुर्चीवर बसले आणि काहीच बोलले नाहीत. विषय नाही, फळा नाही. आम्ही बारा जण, बहुतेक वेगवेगळ्या कारखान्यांतले. एकाने घसा खाकरला. एकाने विचारलं, सुरुवात कधी. धुरंधर म्हणाले, "झाली आहे."

माझ्या मते हा पैसे घेऊन केलेला कामचुकारपणा होता. दुपारपर्यंत एक सेल्समधला गृहस्थ उठला आणि सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायला लावू लागला. दुसऱ्या दिवशी दोघांनी त्याला खाली बसवलं. तिसऱ्या दिवशी लोक खरोखर एकमेकांशी बोलत होते, आणि मंगळवारी भांडलेले दोघे जेवायला एकत्र बसले. हे कोणी घडवलं ते मला दाखवता येणार नाही. एक निरीक्षण मात्र पक्कं आहे: ज्याला शांतता सोसत नाही तो पहिला पुढारी होतो, आणि तो टिकत नाही.

मी तिन्ही दिवस जवळजवळ बोलले नाही. निघताना धुरंधरांनी विचारलं, तुम्ही गटात होतात की गट बघत होतात? मी म्हटलं, बघत होते. ते म्हणाले, मग तुम्हाला हे छान जमेल. कौतुक केलं की काय, ठरवता आलं नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

रेगेसाहेबांना पवईची हकीकत सांगितली. त्यांना ती फारच आवडली. "म्हणजे आपण काहीच म्हणायचं नाही, बायका आपापसांतच ठरवतील." त्यांनी माझ्यासमोर हेड ऑफिसला फोन लावला. मरोळला कामगार स्वतः निर्णय घेतात, गट ठरवेल ते मला मान्य, असं वर सांगूनही टाकलं. डायरेक्टर पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत.

त्यांचा उत्साह पाहून मला बरं वाटायला हवं होतं. दिवसभर चैन पडलं नाही. दोनदा उगीचच स्टोअरपर्यंत जाऊन आले.

मंगळवार, २८ जानेवारी

फळा पुसला. स्टुलं गोल मांडली, नऊ. मी सांगितलं, या गोलात मॅडम कोणी नाही. नऊ जणी आहोत, नऊ सारख्या. तळोज्याचं काय करायचं ते या नऊ जणी ठरवतील आणि साहेब ते मान्य करणार आहेत. बस. मग मी गप्प बसले.

"म्हणजे तुम्ही पण आमच्यातल्याच?" शकुने विचारलं.

"हो."

"नक्की ना? मग वाट लागली तुमची."

मग शांतता. ती सोसणं बघणाऱ्यालाही कठीण असतं, हे पवईत कळलं नव्हतं. यंत्रं बंद असली की विभागात पंख्याची खरखर ऐकू येते. बायका हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, फोटो काढायला बसवल्यासारख्या. शकुने हळूच विचारलं, कोण गेलंय का? सुलक्षणाला हसू आवरेना. ती सगळ्यांत लहान, दिवाळीआधी लग्न झालेली. बाकी काही झालं नाही. भोंगा झाल्यावर सगळ्या अशा उठल्या की जणू वर्गातून सुटल्या.

शुक्रवार, ३१ जानेवारी

व्हायोलेट आज सभेला वालांची पाटी घेऊन आली. मोड आलेले वाल, सोलायचे होते. ती इथल्याच गावठाणातली. घर कंपनीच्या भिंतीला लागून, म्हणून जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन येते. म्हणाली, नुसतं बसायचंच आहे तर हे तरी होईल.

सभेत वाल सोलणं बसत नाही. पण मी काही म्हणायचं नाही असं मीच ठरवलेलं. पाटी मधल्या स्टुलावर आली आणि सात जणींचे हात तिच्यात गेले. मग बोलणं सुरू झालं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, सगळ्यांचे डोळे वालांवर. रेशनच्या रांगेतलं भांडण, कोणाची तरी नणंद, व्हायोलेटच्या आईच्या पाठीवर पडलेली जखम. तळोज्याचा एक शब्द नाही. हे लक्षात घेण्यासारखं आहे: या बायका हात चालू असले की बोलतात. स्वस्थ बसवलं की गप्प होतात. मशीनवर दिवसभर त्या अशाच बोलतात, आणि मी ते इतके दिवस वेळेचा अपव्यय म्हणून लिहीत होते.

मालनबाईंनी मूठभर वाल माझ्यासमोर सरकवले. मी घेतले नाहीत. निरीक्षकाने अंतर ठेवावं.

"कुठे राहता तुम्ही, मॅडम?" सुलक्षणाने विचारलं.

घाटकोपर. घरी कोण? भाऊ, वहिनी. लग्न? नाही. ठरतंय? नाही. उत्तरं मोजकी दिली आणि प्रश्न संपले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज ते घडलं. मी काहीही न करता घडलं, हे नमूद करते.

पाटीत आज तुरीच्या शेंगा होत्या. अर्ध्या सोलून झाल्यावर मालनबाई म्हणाल्या, आता ता तळोज्याचा बघूया. कसं बघायचं, यावर थोडी वादावादी झाली. चिठ्ठ्या टाकू म्हणणाऱ्या दोघी होत्या. शकु म्हणाली, चिठ्ठीला काय कळतंय कोणाच्या घरी काय शिजतंय. शेवटी मालनबाईंनी सांगितलं, "जी थंय गेली तर तिचा काय मोडतला, ता एकेकीन सांगा. जिचा कायच मोडूचा नाय, ती जायत."

हा निकष माझ्या यादीत नव्हता.

आणि त्या बोलल्या. व्हायोलेटची आई अंथरुणाला खिळलेली आहे. दुपारी घरी जाऊन कूस बदलली नाही तर पाठीची जखम वाढते. शकुची दोन मुलं सासूकडे असतात. ती म्हणाली, आत्ताच ती मला मावशी म्हणायच्या बेतात आहेत. मालनबाईंचा नवरा गिरणी बंद पडल्यापासून घरात आहे. त्या स्वतः सातला घरी पोचून स्वयंपाक करतात, म्हणून तो निदान संध्याकाळी बाहेर पडतो, कोणाकडे कामाचं विचारतो. "मी राती धा वाजता पोचलंय तर तो जेवाण करूक शिकात. मगे तेका घर गोड लागात नि तो खंयच जावचो नाय." सगळ्या हसल्या, त्याही हसल्या, आणि शेंग सोलत राहिल्या. सुलक्षणाने सांगितलं की तिला तिसरा महिना आहे. सासूला अजून माहीत नाही, इथे पहिल्यांदा सांगतेय. कोणी शेंगा थांबवल्या नाहीत, पण तिच्यापुढची सालं कोणीतरी उचलून घेतली.

बाकीच्या चौघीही बोलल्या. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"नि तुमचा?" मालनबाईंनी विचारलं.

असा प्रश्न आला तर तो गटाकडे परत करायचा, हे धुरंधरांचं सूत्र. मी म्हटलं, मी इथे ऐकायला आहे.

"कायच नाय?"

"माझा प्रश्न नाही."

बरोबर हाताळलं असं वाटतं. गोल मोडला नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रेगेसाहेबांनी प्रगती विचारली. कालचं सगळं क्रमाने सांगितलं, कोण काय म्हणाली तेही. ते लक्ष देऊन ऐकत होते. व्हायोलेटचं त्यांनी दोनदा विचारलं. मी त्यांच्याकडून एवढ्या सहानुभूतीची अपेक्षा केली नव्हती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पाटी आणली नव्हती. म्हणजे ठरवूनच आल्या होत्या.

मालनबाई म्हणाल्या, झाला. नाव तुमचा.

मी हसले. कोणी हसलं नाही.

मी सांगितलं की मी विभागप्रमुख आहे, वाइंडर नाही. शकु म्हणाली, या गोलात मॅडम कोणी नाही, नऊ जणी आहोत, नऊ सारख्या. माझंच वाक्य, शब्दही मागेपुढे नाही. मी म्हटलं, त्याचा अर्थ असा नव्हता. ती म्हणाली, मग कसा होता?

मी स्टूल मागे सरकवलं. 

"तुमका इचारलंव," मालनबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आठ जणींनी सांगला. तुम्ही सांगूक नाय. आमी काय समजाचा?"

मी गटाचा निर्णय ऐकला असं सांगितलं आणि बाहेर येऊन हात धुतले. हात स्वच्छच होते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

रेगेसाहेब आधी खूप हसले. मग थांबले. म्हणाले, असला पोरखेळ हेड ऑफिसला सांगणार का? मी म्हटलं, गट ठरवेल ते मान्य, असं आपण कळवलंय. ते म्हणाले, गटाला मोकळं सोडायचं म्हणजे इतकं नाही. आता सरळ नेहमीसारखी सभा घ्या, फळ्यावर व्हायोलेटचं नाव लिहा आणि संपवा.

तीच का, मी विचारलं.

"आई आहे ना तिची तशी. आठवड्यात राजीनामा देईल. बाकीच्या काय, दोन-दोन बस बदलून जातीलही."

 मग तळोज्याला शिकवणार कोण, हे मी तेरा जानेवारीला विचारलं होतं. 'मग बघू' हे उत्तर नव्हतं, तीच योजना होती. तिथे त्यांना कोणी नकोच आहे. इथून एक पगार कमी व्हायला हवाय. आणि कोणता सहज कमी होईल ते त्यांना शोधावं लागलं नाही. ते मी नेऊन दिलं, क्रमाने, नीट.

 

रविवार, ९ फेब्रुवारी

घरीच होते. बसवत नव्हतं. कपाट लावलं, परत काढलं, परत लावलं. वहिनीने विचारलं, काय झालंय. काही नाही म्हणणार होते. त्याऐवजी वसतिगृहाचं सांगितलं: वर्षभरापूर्वी नाव दिलं, एक मार्चपासून खाट आहे, आणि आता बहुधा तीही जाईल.

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबवलं नाही. पुढचा गोळा घेत म्हणाली, "मी जेवायची थांबायचे, ते तुला आवडत नव्हतं का गं?"

प्रश्नाचा संबंध लागला नाही. मी म्हटलं, तसं काही नाही. तिने पोळी तव्यावर टाकली. एका बाजूने करपली तरी तिने ती उलटली नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सभेचे नेहमीचे मंगळवार-शुक्रवार सोडून आज मीच सभा बोलावली. गोलच मांडला. मी बोलणार आहे, म्हटलं.

आधी रेगेसाहेबांना काय सांगितलं ते सांगितलं. मग ते शनिवारी काय म्हणाले ते. व्हायोलेटकडे बघून बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

"माझ्या आईचं तुम्ही सांगितलंत?" तिने विचारलं.

"हो."

"का?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

शकु यावर काहीतरी टाकेल अशी वाट बघत होते. टोमणा आला नाही. ती नुसतं म्हणाली की साहेबाला माणूस पाठवायचा नाहीये, कमी करायचाय, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मलाही माहीत असेल आणि मी साहेबाची माणूस म्हणून आले असेन, असंच त्या धरून चालल्या होत्या. म्हणून तर नाव माझं घातलं. मला माहीतच नव्हतं यावर तिचा अजून विश्वास बसलेला दिसला नाही.

मग मी माझं सांगितलं. वसतिगृहातली खाट. तळोज्याला गेले तर ती जाते, तिथून अंधेरीला रोज येणं होणार नाही.

घरी त्रास आहे का, सुलक्षणाने विचारलं. नाही. भाऊ बोलतो? नाही. वहिनी? नाही, ती चांगली आहे. मग?  शेवटी म्हटलं, कोणाच्या घरात कोणाच्या मर्जीने राहायचं मला जमत नाही. चांगलं वागलं की जास्तच जमत नाही. असं वाक्य मी आयुष्यात कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. ऐकायला विचित्र वाटलं.

"हे मंगळवारी बोलायला काय झालं होतं?" शकु म्हणाली.

सुलक्षणा म्हणाली, आता मॅडमचं नाव काढा. दोघींनी मान हलवली. व्हायोलेटने बोलावं असं कोणाला वाटलंही नसावं. सगळ्यांची मालनबाईंवर नजर.

त्या म्हणाल्या, "आयकला मी. खाट जाता ता वायट. पण तुमची खाट परत गावतली. हिची आवस गेली तर दुसरी नाय गावूची." आणि व्हायोलेटच्या खांद्यावर हात ठेवून, "नाव तुमचाच रवतला."

परत येताना तर्क तपासला. चूक सापडली नाही. राग त्याचाच जास्त आला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

डायरेक्टर आले. गोल बघून खूश झाले, स्वतःही एका स्टुलावर बसले. रेगेसाहेब मागे उभे. काय ठरलं, असं विचारल्यावर मालनबाईंनी सांगितलं, मॅडम जातत. डायरेक्टर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, हो, गटाचा निर्णय आहे आणि मी त्या गटात होते.

इंजिनीअर स्वतः जातेय याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की रेगेसाहेबांना हसावं लागलं. मग रेगेसाहेबांनी शांतपणे विचारलं, पण यांना वाइंडिंग येतं का? मुलींना शिकवणार काय, ड्रॉइंग?

येत नाही. मी खोटं बोलले नाही.

"शिकेल ना," शकु म्हणाली. "नाहीतरी काय करते दिवसभर."

शेवटी ठरलं, सत्तावीस तारखेला रेगेसाहेबांसमोर मी कॉइल गुंडाळून दाखवायची. पास झाली तर मी जाते, नाहीतर नाव साहेब ठरवतील. कोणतं ते सगळ्यांना माहीत आहे. बाहेर पडताना व्हायोलेटने माझ्या मनगटाला धरून हात उलटा केला, तळवा बघितला आणि सोडला. 

सोमवार, १७ फेब्रुवारी

तार तुटते. ताण किती हवा याचा आकडा मला पाठ आहे, बोटांना तो माहीत नाही. आज आठ वेळा तुटली, मग मोजणं सोडलं.

एक गोष्ट लिहून ठेवते. मला कोणी एक जण शिकवत नाही. जिचं काम हातावेगळं होतं ती येते, एक गोष्ट सांगते, जाते. पुढची येते ती उलटच सांगते. मी विचारलं, कोणाचं खरं? शकु म्हणाली, "तुझा हात कोणाचं ऐकतो बघ." अहो-जाहो कधी गळलं ते माझ्याही लक्षात आलं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

वसतिगृहात जाऊन खाट नको म्हणून सांगितलं. अजून पाच दिवस थांबता आलं असतं. नापास झाले तर खाट राहील, असा विचार डोक्यात येत होता आणि कॉइल गुंडाळताना तो बोटांत उतरत होता. म्हणून आधी तो रस्ता बंद केला. मेट्रनबाईंनी तिथल्या तिथे यादीतल्या पुढच्या मुलीला हाक मारली. ती बाहेरच्या बाकावरच बसलेली होती.

हे विभागात सांगितलं, वहिनी जेवायला थांबते तेही. सवय लागते आहे बहुतेक.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

रेगेसाहेब, टेस्टिंगचे गुणाजी आणि मी. बाकीच्या आपापल्या मशीनवर होत्या, पण एकही यंत्र चालत नव्हतं. शेवटचा थर थोडा वर आला. कागद एका कडेला दुमडला. गुणाजींनी कॉइल टेस्टरवर लावली, काटा बघितला, परत लावली, परत बघितला.

पास. देखणी नाही, पण पास.

रेगेसाहेबांनी कॉइल हातात घेऊन फिरवून पाहिली. "तुमचं करिअर तुम्हीच ठरवलंत," म्हणाले. सामानाची व्हॅन रोज भल्या सकाळी मरोळहून तळोज्याला जाते आणि संध्याकाळी परत येते, तिच्यातून मला जाता येईल. व्हायोलेट एव्हाना जागेवर नव्हती. सुट्टी झाली नव्हती तरी घरी गेली होती. आल्यावर तिने मशीन सुरू केलं, मग सगळ्यांनी केलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

इथला शेवटचा दिवस. जेवणाच्या सुट्टीत टेस्टिंगच्या टेबलावरून परत आले, तर आठही जणी व्हायोलेटच्या मशीनभोवती. मी दारात आले आणि बोलणं थांबलं.

काय चाललंय, विचारलं.

"सभा," शकु म्हणाली. "तुझं ठरलं."

ठरलं ते असं. घाटकोपरहून पहाटे निघून व्हॅन गाठणं जमायचं नाही. व्हायोलेटच्या घरामागची खोली रिकामी आहे, तिथे मी राहायचं. भाडं भाड्यासारखं घ्यायचं. व्हायोलेटच्या आईची कूस रात्रीही बदलावी लागते. एक रात्र व्हायोलेट उठेल, एक रात्र मी. रविवारी घाटकोपरला जेवायला जायचं, वहिनीने थांबायचं आणि मी काही बोलायचं नाही. हे शेवटचं सुलक्षणाने घातलं होतं.

मी विचारलं, मला न विचारता?

"तू नव्हतीस ना," शकु म्हणाली.

मला खरंच संताप आला.  दीड महिना मी ज्या पद्धतीचं निरीक्षण केलं त्या पद्धतीत अनुपस्थित सदस्याबद्दल काहीच नियम नाही, ही मोठी त्रुटी आहे, आणि ते मी म्हणणारही होते. व्हायोलेट डबा झाकत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"उद्या तुझी रात्र की माझी?" मी विचारलं. "आणि आईंना आधी कोणत्या कुशीवर घ्यायचं?"